आधी माणसं मोजा, मग तक्ता आखा: कम्युनिटी रेडिओचा आठवडा बसवण्याची पद्धत

कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे गावातल्या लोकांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राचा, कार्यक्रम-तक्ता बहुतेक ठिकाणी उलट्या बाजूने तयार होतो. आधी भिंतीवर रंगीत तक्ता लागतो. त्यात शेती, आरोग्य, महिला, बालजगत, लोककला, सगळं असतं. मग त्या चौकोनांत बसवायला माणसं शोधतात. सहाव्या आठवड्यात शेतीवाला ऊसतोडीत अडकतो, बालजगतवाल्या बाईंच्या शाळेत परीक्षा सुरू होतात, आणि रिकाम्या जागी चित्रपटगीतं वाजू लागतात. ऐकणारा गाण्यांसाठी दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्या गल्लीतला आवाज मात्र त्याला दुसरीकडे मिळत नाही. तो आवाज टिकवायचा तर खालचा क्रम पाळा. कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यातली आसपासची गावं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

टप्पा १: आवाज कुठवर पोचतो ते फिरून बघा

कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो आणि अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर उंच लावता येतो. यातून ढोबळमानाने दहा किलोमीटरचा परिसर मिळतो, पण कागदावर कंपासने वर्तुळ काढून गावं मोजू नका. एफएम लहरी सरळ जातात. त्यामुळे लांबच्या डोंगरावर आवाज सापडतो आणि सहा किलोमीटरवरच्या खोलगट वस्तीत नुसती खरखर येते.

दोन माणसं, एक दुचाकी, एक साधा खिशातला रेडिओ आणि इअरफोनशिवाय वाजणारा एक जुना मोबाईल घ्या. प्रत्येक रस्त्याला दर किलोमीटरला थांबा. घरात, गोठ्यात आणि उघड्यावर अशा तीन ठिकाणी ऐकून स्वच्छ, खरखर किंवा नाही यांपैकी एक शब्द वहीत लिहा. घरात न लागणारं गाव ‘आपलं’ धरू नका, कारण रेडिओ घरातच लागतो.

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. उंचीमुळे तिथे कधीमधी आवाज लागेलही. पण त्या भरवशावर पन्हाळ्याच्या पाणीपुरवठ्याच्या सूचना देत बसलात, तर शहरातल्या कसबा बावड्यातल्या माणसाचा वेळ फुकट जातो.

टप्पा २: ऐकणाऱ्याचं घड्याळ लिहून काढा

‘तुम्हाला कोणते कार्यक्रम आवडतील?’ हा प्रश्न विचारूच नका. लोक सभ्यपणे ‘आरोग्यविषयक, शेतीविषयक’ असं सांगतात, आणि ते ऐकत नाहीत. त्याऐवजी विचारा, ‘काल पहाटे पाचला काय करत होता? दुपारी दोनला? रात्री नऊला? त्या वेळी हात मोकळे होते की कान?’

चाळीस घरं पुरतात, मात्र ती एकाच पेठेतली नकोत. दहा घरं शहरातली, दहा दूध घालणारी, दहा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी आणि दहा शाळा-कॉलेजच्या मुलांची निवडा. गोठ्यात धार काढताना हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात, म्हणजे ती रेडिओची वेळ. डेअरीवर दूध घालायची घाई असते तेव्हा लांबलचक मुलाखत चालत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला झोपतो, त्यामुळे त्याच्यासाठीचा कार्यक्रम नऊला ठेवला तर तो कुणासाठीच नसतो.

*तपासा:* तुमच्या यादीत निदान चार अशा वेळा निघाल्या पाहिजेत, जेव्हा हात कामात आणि कान रिकामे आहेत. तेवढ्या निघाल्या नाहीत तर प्रश्न नीट विचारले गेले नाहीत. पुन्हा फिरा.

टप्पा ३: मेहनतीचे तास मोजा

सगळ्यात जास्त घसरण इथेच होते, म्हणून हा हिशेब पूर्ण मांडतो. समजा, रोज आठ तास प्रक्षेपण आहे. चार तास नवे, तेच संध्याकाळी पुन्हा. आठवड्यातले सहा दिवस धरले तर २४ तास नवा मजकूर लागतो. तो असा बसतो:

- थेट कार्यक्रम ९ तास. एका तासामागे तयारीसकट अडीच तास, म्हणजे २२.५.
- बाहेर जाऊन ध्वनिमुद्रित केलेले, संपादित अर्ध्या तासाचे पाच भाग (अडीच तास). एका भागाला सात तास, म्हणजे ३५.
- स्थानिक गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण ४ तास. तासाला तीन, म्हणजे १२.
- निवेदनासह गाणी ६ तास. तासाला एक, म्हणजे ६.
- सूचना, बाजारभाव, हवामान मिळून अडीच तास. तासाला तीन, म्हणजे ७.५.

एकूण ८३ तास. दोन पगारी माणसं असतील तर त्यांचा निम्मा आठवडा पत्रव्यवहार, यंत्रांची देखभाल आणि फोन यांत जातो. उरलेले दोघांचे मिळून ४८ धरा. बाकीचे ३५ तास स्वयंसेवकांचे. एक स्वयंसेवक आठवड्याला अडीच तास देतो असं धरलं तर १४ जण लागतात. आजारपण, लग्नकार्य, परीक्षा यांसाठी त्यावर एक तृतीयांश वाढवा, म्हणजे १९.

एकोणीस माणसं नसतील तर प्रक्षेपणाचे तास कमी करा. रोज दोन तास नवे आणि तेच तीनदा, यात कमीपणा काही नाही. अर्ध्या तासाच्या संपादित भागाला सात तास लागतात यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही. जाणं-येणं दीड, ध्वनिमुद्रण दीड, ऐकून खुणा करणं एक, कापणं-जोडणं दोन, आणि निवेदन बसवून शेवटचं ऐकणं एक. यातलं शेवटचं ऐकणं बहुतेक जण गाळतात, आणि मधेच ‘थांब थांब, परत घेऊ’ असं वाक्य तसंच हवेत जातं.

टप्पा ४: तक्ता आडवा भरा, उभा नको

आता तक्ता काढा. उभ्या बाजूला वेळा आणि आडव्या बाजूला वार. सोमवारचा रकाना वरून खाली भरायला घेऊ नका. तसं केलं की सोमवारी सातला शेती, मंगळवारी सातला कविता, बुधवारी सातला कायदा असं होतं आणि ऐकणाऱ्याची सवय बसत नाही. एक वेळ घ्या आणि ती सहाही दिवस एकाच जातीच्या कार्यक्रमाने भरा. सकाळी सात म्हणजे शेती-दूध, दुपारी दोन म्हणजे बायकांचा तास, संध्याकाळी सहा म्हणजे पोरांचा. विविधता त्या तासाच्या पोटात आणा. सोमवारी जनावरांचे आजार, मंगळवारी खोडवा उसाचं व्यवस्थापन, बुधवारी गूळ आणि गुऱ्हाळ.

सकाळी सात ते आठचं एक चक्र नमुन्यादाखल. पहिल्या मिनिटात स्टेशनचं नाव, वार, वेळ. नवव्या मिनिटापर्यंत गावच्या भजनी मंडळाचं एक भजन. तेराव्यापर्यंत थेट सूचना, मग दोन मिनिटं जाहिरात. पंधरा ते सत्तावीस आजचा मुख्य विषय. पस्तिसाव्यापर्यंत संगीत, पुन्हा दोन मिनिटं जाहिरात, एक्केचाळिसाव्यापर्यंत त्याच सूचना पुन्हा. पंचावन्नपर्यंत पाहुणा, एकोणसाठपर्यंत गाणं आणि शेवटच्या मिनिटात पुढे काय ते. सूचना दोनदा का? धार काढताना पहिली निम्मीच ऐकू आलेली असते.

जाहिरातींना तासाला १२ मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण चार-पाच मिनिटांच्या पुढे गेलात की चक्र फुटतं. नियमाप्रमाणे निदान निम्मा मजकूर स्थानिक पातळीवर, स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला असावा लागतो. तक्त्यात असे चौकोन हिरव्या पेनाने रंगवा आणि तासांनी मोजा. चौकोनांची संख्या मोजली की फसगत होते.

इशारा: बातम्या स्वतः गोळा करून देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या काही न बदलता घेता येतात. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवणं हासुद्धा नियमभंगच. प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज, आरोग्य, पूर यांच्या सूचना, हवामान, परीक्षा-प्रवेशाची माहिती, सण-उत्सव आणि स्थानिक खेळांचं समालोचन मात्र चालतं. कोल्हापूरला हे खेळाचं दार मोठं आहे. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल हंगामासाठी समालोचकांची जोडी दोन वेगवेगळ्या पेठांची घ्या, म्हणजे पक्षपाताची तक्रार येत नाही. दर तीन मिनिटांनी गोलसंख्या सांगा, कारण ऐकणारा मधूनच लावतो.

टप्पा ५: एका कार्यक्रमाला तीन माणसं आणि तीन भाग

कोणताही कार्यक्रम एका माणसाच्या नावावर ठेवू नका. दोघं नेहमीचे आणि एक राखीव. कार्यक्रम हवेत जाण्याआधी त्याचे तीन भाग तयार असले पाहिजेत. पहिला भाग सगळ्यांकडेच असतो, दुसरा ओढूनताणून होतो. तिसऱ्या भागाला विषय सापडला तरच तो कार्यक्रम आहे, नाहीतर ते एक भाषण होतं.

तेरा आठवड्यांचा शब्द घ्या, वर्षाचा नको. ते आठवडे धरतानाही कोल्हापूरचं पंचांग बघा. गणपतीत तालमी-मंडळांची पोरं हाती लागत नाहीत. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की शेतकरी स्वयंसेवक रिकामा नसतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीची माणसं गुंततात, चैत्रात जोतिबाच्या यात्रेचे दिवस असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यार्थी नसतात. या आठवड्यांसाठी आधीच भरलेले भाग ठेवा.

गावात निवडणूक लागली तर उमेदवार असलेल्या स्वयंसेवकाचा आवाज निकालापर्यंत बंद ठेवा, त्याच्या जुन्या मुद्रणांसह. भजन म्हणत असला तरीसुद्धा. हे आधीच लेखी सांगितलेलं असेल तर मनं दुखावत नाहीत.

बोलीबद्दल एक आग्रहाचं सांगणं. पाहुणा ‘लई पाऊस झालाय, पानी गोठ्यात आलंया’ म्हणाला, तर ते कापून निवेदकाने ‘पावसाचे प्रमाण अधिक आहे’ असं सांगू नये. त्या आवाजासाठीच हे केंद्र आहे. आणि निवेदकाने शहरी जॉकींचा हिंदी-इंग्रजी सूर उचलला की पाहुणाही बावरून पुस्तकी बोलू लागतो.

टप्पा ६: ध्वनिमुद्रण

बोलण्यासाठी साधा डायनॅमिक माइक पुरे. ओठांपासून चार बोटांवर धरा आणि जरा तिरका ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा फटका बसत नाही. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचला पाहिजे. शून्याला टेकला की चिरका झालेला आवाज नंतर कशाने दुरुस्त होत नाही. फाइल वेव्ह (.wav) स्वरूपातच ठेवा आणि मोबाईल विमान मोडवर. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज परत सुरू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा. निघण्याआधी कोणीही न बोलता तीस सेकंद त्या खोलीची शांतता मुद्रित करा. दोन वाक्यं जोडताना हीच शांतता मधे लागते. ती नसेल तर जोड ऐकू येतो.

हलगी-घुमकं मुद्रित करताना माइक तीन-चार मीटर मागे न्या आणि चाचणीत काटा उणे १८वर ठेवा, कारण रंगात आल्यावर वादक चाचणीपेक्षा जोरात वाजवतो. हलगी जाळावर शेकून ताणतात. ती निवली की स्वर उतरतो, आणि पावसाळी हवेत लवकर उतरतो. म्हणून सगळी जुळवाजुळव आधी करा, हलगी शेवटी शेका आणि लगेच मुद्रण सुरू करा. शेकल्यावर तुम्ही वायर शोधत बसलात तर वादकाला पुन्हा जाळ करावा लागतो आणि त्याचा जीव त्यातून उडतो.

जात्यावरच्या ओव्यांचं वेगळं. बायकांना ‘जातं न फिरवता नुसती ओवी म्हणा’ असं सांगू नका. ओढीची लय गेली की ओवीही अडखळते. जात्याखाली घोंगडीची चौघडी घाला आणि जात्यात मूठभर जोंधळे टाका, रिकामी तळी किरकिरते. माइक जमिनीवरच्या स्टँडला न लावता वरून, तोंडाच्या रोखाने धरा. मग घरघर राहते, पण शब्दांच्या मागे.

*तपासा:* प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला त्या माणसाने स्वतःचं नाव, गाव आणि ‘हे रेडिओवर लावायला माझी संमती आहे’ असं बोललेलं हवं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आईवडिलांची लेखी संमती. तुकारामांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण बाजारातल्या सीडीवरचं त्याचं गायन सगळ्यांचं नाही. गावच्या मंडळाने गायलेलं लेखी परवानगीने लावा, बाकीच्यासाठी परवाना घ्या.

टप्पा ७: शिळी होणारी माहिती वेगळ्या फाइलमध्ये

सकाळच्या कार्यक्रमात निवेदक सांगतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३८ फुटांवर आहे.’ तो भाग संध्याकाळी पुन्हा लागतो. तोवर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालेली असते, आणि नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीतलं एखादं घर रेडिओवर विसंबून जनावरं हलवत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या जिल्ह्यात ही चूक क्षम्य नाही.

म्हणून पाण्याची पातळी, नळाची वेळ, वीज बंदची सूचना, शाहू मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यांचे दर, भरतीची शेवटची तारीख यातलं काहीही कार्यक्रमाच्या मुद्रणात मिसळायचं नाही. अशा सूचना थेट वाचायच्या किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या. त्या फाइलच्या नावातच ती कधी मरते ते लिहा: ‘पाणी-सूचना-१४ ऑगस्ट-दुपारी १२ पर्यंत’. बारा वाजले की ड्युटीवरच्या माणसाने ती पुसायची आणि वहीत सही करायची. पुसण्याआधी प्रत जतन फोल्डरमध्ये गेली आहे का, हे बघायचं. जे हवेत गेलं ते सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं.

पूरसूचना वाचताना पाच गोष्टी, याच क्रमाने: कोणी सांगितलं, किती वाजता, कुठली पातळी, किती, आणि पुढची सूचना आपण किती वाजता देणार. ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले’ एवढंच वाक्य हवेत गेलं तर लोक घाबरतात. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी येतं. एक उघडणं आणि पाच उघडणं यात काठावरच्या माणसाच्या लेखी मोठा फरक आहे. किती उघडले ते कळलं नसेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा, मगच बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेलं वाचायचं नाही, पाठवणारा तलाठ्याचा सख्खा भाऊ असला तरी.

जूनच्या आधीच पावसाळी तक्ता वेगळा करून लॅमिनेट करून ठेवा. इशारा पातळी आली की दर तासाला सूचना, धोका पातळी आली की दर पंधरा मिनिटांनी, आणि मधे शांत संगीत. त्या दिवशी विनोदी कार्यक्रम, लावणी आणि जाहिराती बंद. दोन माणसं रात्री केंद्रावर, यूपीएस आणि जनरेटरचं डिझेल भरलेलं. जनरेटर भरून ठेवतात पण महिनाभर सुरू करून बघत नाहीत. दर शनिवारी दहा मिनिटं भारावर, म्हणजे केंद्राची यंत्रं जोडून, चालवा.

टप्पा ८: भरणीचा डबा

पाहुणा आला नाही, फाइल उघडली नाही, फोन कटला. दहा सेकंद शांतता झाली की ऐकणारा बटण फिरवतो. त्यासाठी एक ते तीन मिनिटांचे वीस तुकडे कायम तयार हवेत: म्हणी, ओव्या, पाच-दहा आवाजांतली ‘आमच्या गावचं नाव असं पडलं’, रंकाळ्यावरच्या पहाटेचा आवाज, शाळेतल्या मुलांची कविता. सोबत अर्ध्या तासाचे दोन संपूर्ण भाग. यात वेळेचा, सणाचा, तारखेचा उल्लेख नको, नाहीतर मे महिन्यात दिवाळीच्या शुभेच्छा जातात. वापरलेला तुकडा महिनाभर परत लावू नका आणि वापरल्याची नोंद ठेवा.

टप्पा ९: तेरा आठवड्यांनी, त्याआधी नाही

चौथ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतं, ‘दुपारचा कार्यक्रम कुणी ऐकत नाही, काढून टाकू.’ काढू नका. सवय बसायला तेरा आठवडे लागतातच. तोवर फक्त दोष दुरुस्त करा: आवाज बारीक, सुरुवात लांब, पाहुणे तेच ते. फोनवहीत प्रत्येक फोनचं गाव, वेळ आणि कशाबद्दल ते लिहा. स्तुतीचे फोन वेगळ्या पानावर, ते मोजणीत धरायचे नाहीत.

तेराव्या आठवड्यानंतर केंद्राच्या सल्लागार समितीपुढे ती वही आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवा. समितीत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात आणि त्या बोलतात का, हेही बघा. टप्पा २ मधल्या चाळीसपैकी निदान वीस घरी पुन्हा जा आणि तोच प्रश्न विचारा, ‘काल दुपारी दोनला काय करत होता?’ ‘रेडिओ लावला होता’ असं उत्तर आपणहून आलं तर तो चौकोन तसाच ठेवा. विचारल्यावर आलं तर वेळ अर्धा तास मागेपुढे करून बघा. आलंच नाही आणि फोनवहीतही त्या वेळेचं पान कोरं असेल, तर विषय तोच ठेवून माणसं बदला, आणि तिघांपैकी निदान एक जण जिथे कुणी ऐकत नाही त्या गावचा घ्या.